शांततेचा पहारा

भांडं पडलं नव्हतं, कुणी खोकलं नव्हतं, गल्लीतून रिक्षासुद्धा गेली नव्हती. तरी स्वप्नालीनं पुस्तकावरून डोकं वर केलं. काहीतरी ऐकू आल्याचा भास तिला झाला होता. क्षणभर कानोसा घेतल्यावर उमगलं, की ऐकू येत होती ती शांतताच. दोन खोल्यांमधल्या पडद्याखालून, फरशीवर लवंडलेल्या पाण्यासारखी ती हळूहळू आत येत होती आणि टेबलाच्या पायांशी साचत होती.

पडद्यापलीकडे आई उंबऱ्याला टेकून बसली होती. हात मांडीवर, रिकामे. पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यापासून रोज दुपारी ती अशीच बसे. लेकीच्या अभ्यासाला कुणाचा आवाज लागू नये म्हणून राखणीला.

वित्त आयोगाची स्थापना राष्ट्रपती दर पाच वर्षांनी, किंवा आवश्यकता वाटल्यास त्याआधीही, करतात. हे एवढंच वाक्य स्वप्नाली सकाळपासून वाचत होती. चरकातून पुन्हा पुन्हा काढलेल्या चिपाडासारखं ते कोरडं झालं होतं. पिळावं तर त्यातून अर्थाचा थेंबही निघत नव्हता. राष्ट्रपती होते, पाच वर्षं होती, मधला आयोग तेवढा कुठे हरवत होता कोण जाणे.

बाहेर बांगडी किणकिणली आणि लगेच गप्प झाली. आईनं ती दुसऱ्या हातानं दाबून धरली असणार. स्वप्नालीला ठाऊक होतं, आई पान उलटल्याचा आवाज ऐकत असते. बराच वेळ पान उलटलं नाही, की तिची चुळबुळ सुरू होते. म्हणून स्वप्नालीनं न वाचलेलं पान उलटलं. बाहेर आईनं श्वास सोडला. त्या सुटलेल्या श्वासाचा तिला असा काही संताप आला, की तिनं आणखी एक पान उलटलं, मग आणखी एक. दारात आलेल्या भिकाऱ्याच्या ताटलीत न बघता काहीतरी टाकावं, तशी. आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती पहिल्या पानावर परत आली. राष्ट्रपती तिथेच होते.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या त्या बराकीत शांतता ही वस्तू कुणाच्याच घरात कधी नव्हती. जुन्या लष्करी छावणीच्या लांबलचक बराकी कापून, जोडून, वर चढवून केलेली ही घरं. एकीनं फोडणी घालावी आणि भिंतीपलीकडच्या दुसरीच्या डोळ्यांत पाणी यावं. त्यात स्वप्नालीच्या घराची बाहेरची खोली गल्लीत सर्वांत ऐसपैस, म्हणून धागे कापणाऱ्या बायका वर्षानुवर्षं तिथेच बसत आल्या होत्या. पुढच्या रस्त्यावरच्या कारखान्यांत जीन्स शिवून झाल्या, की शिलाईचे सुटे दोरे जागोजाग लोंबत राहतात. ते कापून माल साफ करायचं काम बायका घरी आणत. चंदूसेठच्या कारखान्यातून गठ्ठे आणायचे आणि वाटून द्यायचे, हा मान विठाकाकूचा. जेवणं उरकली, की सगळ्या जणी भिंतींना पाठी लावून बसत. मांडीवर निळी, जाड, आत माणूस नसलेली पँट, मुठीत मावेल एवढी कात्री, आणि कात्रीच्या बरोबरीनं चालणाऱ्या जिभा. कुणाच्या सुनेनं कुणाला काय सुनावलं, कोणत्या सेठनं माल नाकारला, कारखान्याचा वॉचमन बुधाजी, त्याचं त्याच्या दुसऱ्या बायकोशी कसं चाललंय. विठाकाकू मूळची वांगणीची, तिचा आवाज या बांधावरून त्या बांधावर हाक मारून घडलेला. ती कुजबुजली, तरी पुढच्या बराकीला बातमी कळे.

त्या आवाजाच्या कुशीत स्वप्नाली दहावी झाली, बारावी झाली, पदवीधर झाली. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यासही तिनं तिथेच मांडला. आणि पूर्वपरीक्षेत ती थोडक्यात राहिली.

तिचे वडील, राजेंद्र, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. वस्तू जागेवर सापडली नाही तर त्यामागे कुणाचा तरी हलगर्जीपणा असतोच, ही त्यांची नोकरीतून आलेली खात्री. निकालाच्या संध्याकाळी त्यांनी शांतपणे विचारलं, की कमी कुठे पडलं. स्वप्नालीकडे उत्तर नव्हतं. नापास होण्यापेक्षाही उत्तर नसणं तिला अधिक उघडं पाडणारं वाटलं, आणि ती म्हणाली, "घरात एकाग्रताच होत नाही. दिवसभर बडबड." हाताला लागलं म्हणून उचललेलं वाक्य होतं ते. पण घरानं त्याचं निदान केलं आणि लगेच उपचार सुरू झाले.

दुसऱ्या दिवसापासून बायकांचं बसणं बंद झालं. आईनं त्यांना काय सांगितलं ते स्वप्नालीनं विचारलं नाही. आपल्या वाक्याचं पुढे काय झालं, हे जाणून घ्यायची तिला भीती वाटली. बायका आता दोन बराकी सोडून विठाकाकूकडे बसत. आई तिकडे जात नसे.

मग एकाग्रतेची मोहीमच निघाली. टीव्हीची वायर कपाटात गेली. कुकरच्या शिटीला बंदी झाली आणि पातेल्यातला चिकट भात सगळे मुकाट गिळू लागले. मोबाईल दिवसभर फळीवर, पिठाच्या डब्यामागे. भाजीवाल्याला आई खुणेनंच थांबवी, खुणेनंच घासाघीस करी. तो बिचाराही हातवारे करत दोडके तोलून देई. एकदा समोरच्या बराकीतली म्हातारी चवड्यांवर चालत आली आणि आईच्या कानाला लागून विचारू लागली, की आत कोण एवढं आजारी आहे, डॉक्टर काय म्हणतात. आईनं मान हलवली. म्हातारीनं त्या मानेचा अर्थ आपल्या परीनं लावला असावा, कारण संध्याकाळपर्यंत निरनिराळ्या घरांतून शहाळी येऊन पडली.

वडिलांनी कॉम्प्रेसरच्या खोलीत कामगार घालतात तसले कान झाकायचे जाडजूड कप विकत आणले. ते चढवल्यावर स्वप्नालीला स्वतःचं रक्त ऐकू येऊ लागलं, धडधडत, कुठे तरी निघालेलं. समोर उभे राहून वडील ओठ हलवत होते, बहुधा "कसं वाटतंय?" असं विचारत असावेत. तिनं छान वाटतंय अशी मान डोलावली. मोबाईलवरच्या कुण्या गुरूच्या सांगण्यावरून तिनं मेणबत्तीच्या ज्योतीवर टक लावून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, पाण्यात ज्योती दोन झाल्या, लक्ष मात्र दुप्पट झालं नाही. शेवटी अंबरनाथच्या एका अभ्यासिकेत जागा घेतली. तिची मैत्रीण जिज्ञासा बदलापूरहून तिथे येत असे. प्लायवूडचे खण, प्रत्येकाच्या माथ्यावर पांढरा दिवा, खोलीभर माणसं आणि श्वास एकाचाही नाही. शेजारच्या खणातला मुलगा मधूनच पेनाचं बटण दाबी. स्वप्नालीचं सगळं चित्त पुढची टकटक कधी होते, याच्या वाटेवर जाऊन बसे. जिज्ञासानं एकदा जिन्यात गाठून विचारलंच, "तू इथे वाचायला येतेस का वॉचमनगिरी करायला? बघावं तेव्हा मान वर." ती जागाही सुटली.

लक्ष म्हणजे मूठ, असं तिला सगळे सांगत होते. आवळ, अजून आवळ. आणि तिचा अनुभव असा, की आवळलेल्या मुठीत शेवटी आपल्याच बोटांखेरीज काही उरत नाही.

त्या दुपारी राष्ट्रपतींशी झगडून थकल्यावर तिनं बाहेर कान दिला. बांगडी नव्हती, चुळबुळ नव्हती. पडदा सारला, तर उंबरा रिकामा. पहाऱ्यावरचं माणूस उठून गेलं होतं. पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं झालं. नंतर काही सुचेना. पानात बोट घालून, पुस्तक तसंच हातात धरून ती दारात आली. ऑक्टोबरच्या उन्हानं गल्ली पांढरी पडली होती. आणि डोक्यावरून, गच्चीवरून, बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

बायका परत आल्या वाटतं, असं तिच्या मनात आलं. बाजूच्या लोखंडी जिन्यानं ती वर चढू लागली, आणि अर्ध्यावर थबकली.

वर विठाकाकू बोलत होती, घोगऱ्या आवाजात. "बुधाजीचं काय सांगता, बायकोच्या भीतीनं तो कारखान्यातच झोपतो." त्यावर आईचा आवाज: "झोपतो कुठला, तीच घरात घेत नाही." मग एक तिसरंच, बारीक, तोंडावर पदर धरल्यासारखं खिदळणं. आणि या सगळ्यांखाली एकाच कात्रीची कटकट.

एकाच कात्रीची. स्वप्नालीनं मान उंचावून पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या तोकड्या सावलीत आई एकटी बसली होती. चंदूसेठच्या कारखान्यातून परस्पर आणलेला छोटा गठ्ठा शेजारी, मांडीवर एक पँट. तिन्ही आवाज तिचेच होते. विठाकाकूसाठी ती हनुवटी पुढे काढी; खिदळणाऱ्या बाईसाठी खरोखरच पदर तोंडाशी नेई.

अशा वेळी पुढे जावं की मागे फिरावं, ते स्वप्नालीला कळेना. ती तिथेच पायरीवर बसली. लोखंड तापलेलं होतं. पुस्तक मांडीवर आपोआप उघडलं, कारण बोट त्याच पानात होतं. आणि तिची नजर, तिनं न सांगता, ओळींवर उतरली. वर बुधाजीची बायको त्याचं अंथरूण बाहेर फेकत होती. खाली राष्ट्रपतींनी आयोग नेमला, आयोगाला अध्यक्ष मिळाला, सदस्य मिळाले. केंद्राचे कर राज्यांकडे वळू लागले, अनुदानांची तत्त्वं ठरली, शिफारशी संसदेपुढे ठेवल्या गेल्या. शब्द एकमेकांच्या मागून, बाजारातून घरी परतणाऱ्या माणसांसारखे, निमूट आणि ठरल्या वाटेनं येत राहिले. तिनं पान उलटलं. ते कुणाला ऐकवण्यासाठी उलटलं नव्हतं. मग पुढचं उलटलं. प्रकरण संपलं, दुसरं सुरू झालं, त्यातलंही बरंचसं तिनं वाचून काढलं. मानेवरून घाम ओघळत होता आणि तिला तो लागत नव्हता.

मग वरचं बोलणं थांबलं. आईला बहुधा तहान लागली असावी. ओळी जागच्या जागी उभ्या राहिल्या. स्वप्नालीनं त्यांना पुढे ढकलून पाहिलं, नाही जमलं.

ती उठून वर गेली. आईनं दचकून पँटचा पाय कात्रीवर ओढला.

"खाली आवाज आला का गं? मी हळूच बोलत होते."

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी म्हणजे? तोंड चालल्याशिवाय हात चालत नाही माझा. सवय आहे." आईनं घाम पुसला. "जा तू, बस. आता नाही बोलणार."

स्वप्नाली तिच्यासमोर उकिडवी बसली. ती तोकडी सावलीही सरकून आई आता उन्हात आली होती, हे तिला तेव्हा दिसलं. तिनं एका दमात सांगितलं, की बायकांना परत बोलवावं. घर असं मुकं झाल्यापासून आपल्या डोक्यात एक अक्षर शिरलेलं नाही. परीक्षा तोंडावर आली आहे आणि असंच चाललं तर या खेपेला काठावरसुद्धा पोचणार नाही. आई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ना आनंद ना राग. बराच काळ चुकीचं औषध घेत आलेल्या माणसाला कुणी तसं सांगावं, आणि त्यानं बाटलीकडे पाहत राहावं, तसं काहीतरी.

"ते आता नाही व्हायचं," आई म्हणाली.

का नाही, ते तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, धागे कापत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, स्वप्नाली बाहेर गेलेली असताना, बायका नेहमीसारख्या आल्या तेव्हा आईनं दारातच सांगितलं, की आता इथे बसणं नको, पोरीचा अभ्यास होत नाही. विठाकाकू हसली होती. आमच्याच बडबडीत पोरगी ग्रॅज्युएट झाली की गं, असं म्हणाली होती. आणि बायका तर चपला काढून आत यायला लागलेल्या.

"मग मी बोलले." आईची कात्री थांबली. "म्हटलं, तुमच्या पोरी नाही शिकल्या, म्हणून माझी शिकलेली तुम्हाला बघवत नाही. विठाकडे बघून म्हटलं."

विठाकाकूची तेजस्वी स्वप्नालीच्याच वर्गात होती. सातवीतून तिची शाळा सुटली आणि ती आपल्या आईशेजारी धागे कापायला बसली. आजही तिथेच बसत होती. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्याविषयी कुणी कधी बोलत नसे.

"एकीनं तरी भांडायचं," आई म्हणाली. "आपल्याकडे डब्यात ठेवलेल्या आपापल्या कात्र्या उचलल्या आणि गेल्या. भांडल्या असत्या, तर मिटलं असतं."

असं बोलायला मी सांगितलं होतं का, असं स्वप्नालीनं विचारलं, आणि आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

आईनं तिच्याकडे पाहिलं. "बडबड म्हणालीस तू. कुणाची बडबड होती मग?"

आणि तिनं मांडीवर दुसरी पँट घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वप्नाली विठाकाकूच्या दाराकडे निघाली. जाताना तिनं वाक्यं जुळवली होती, मुलाखतीसाठी जुळवावीत तशी: आधी नम्रता, मग कारण, मग विनंती. विठाकाकूचं घर अरुंद. दोघी-तिघी आत, बाकीच्या गल्लीतच, वर बांधलेल्या प्लास्टिकच्या कागदाखाली. कागदातून गाळून आलेल्या उजेडानं सगळ्यांचे चेहरे निळसर दिसत होते. दुरून हसणं ऐकू येत होतं. ती जवळ येऊ लागली तसं ते विरत गेलं, आणि ती पोचली तेव्हा तिथे कात्र्यांखेरीज काही उरलं नव्हतं. घरातली शांतता आपण अंगावर घेऊनच आलो, असं तिला वाटलं.

"या, साहेबीणबाई," विठाकाकू म्हणाली. "इथवर येतो काय आवाज?"

"हळू बोल गं," भिंतीकडची एक म्हणाली, "अभ्यास झोपलाय. जागा झाला तर रडायचा."

दबकं हसू पसरलं. तेजस्वी हसली नाही आणि तिनं वरही पाहिलं नाही. तिची कात्री शिलाईवरून एका लयीत सरकत होती.

स्वप्नालीनं जुळवलेली वाक्यं गल्लीच्या तोंडाशीच गळाली होती. तिनं जे आलं ते सांगितलं. आवाजाचा दोष नव्हता. आपणच तसं म्हणालो, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. तुम्ही गेल्यापासून घर खायला उठतं, वाचलेलं राहत नाही. तुम्ही पुन्हा या, पहिल्यासारख्या बसा; आईच्या वतीनं मी माफी मागते.

विठाकाकूनं एक धागा कापला, फुंकर मारून उडवला. "म्हणजे आधी आमचा आवाज नडत होता. आता लागायला लागला. आम्ही काय रेडिओ आहोत का गं? कान पिळला की चालू, पिळला की बंद?"

या वेळी कुणी हसलं नाही. स्वप्नालीला जाणवलं, की आता फक्त एकच गोष्ट सांगण्यासारखी उरली आहे, आणि ती आपण सांगू नये. तरीही ती म्हणाली, "आई एकटी बसते, काकू. गच्चीवर, उन्हात. एकटीच बोलते. तुमच्या आवाजात."

कात्र्या एकेक करून थांबल्या. तेजस्वीची सर्वांत शेवटी.

"माझ्या आवाजात?"

"हो. बुधाजीचं सांगते. मग तुम्हालाच उत्तर देते."

विठाकाकूच्या ओठांची कड हलली. हसू येता येता तिनं ते जिरवलं. मांडीवरची पँट तिनं नीट घडी घालून बाजूला ठेवली, हात गुडघ्यांवर टेकले आणि पहिल्यांदाच स्वप्नालीच्या डोळ्यांत पाहिलं. त्या नजरेत टोमणा नव्हता; म्हणूनच ती झेलणं अवघड होतं.

"तू ऐकत होतीस ते?"

"जिन्यात बसून."

"एक सांग मला. खरं सांग." तिचा आवाज इतका खाली आला होता, की तो पुढच्या बराकीला मुळीच ऐकू गेला नसता. "आम्ही यावं, हे तू आईसाठी मागतेस, का परीक्षेसाठी?"

आईसाठी. शब्द तयार होता, जिभेच्या टोकावर आला होता. पण त्याच्या पाठोपाठ ती तापलेली लोखंडी पायरी आली, मांडीवरचं पुस्तक आलं, आणि एकामागून एक उलटलेली पानं आली. आई वर उन्हात तीन बायकांचं एकटीनं बोलत होती, आणि ती खाली बसून होती. प्रकरण संपलं तेव्हाही उठली नव्हती, दुसरं सुरू केलं होतं. आई थांबली, म्हणून उठली होती.

प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं फडफडला. सगळ्या जणी तिच्याकडे पाहत होत्या, आता तेजस्वीसुद्धा. तिची कात्री उघडी होती, धागा तिच्या दोन पात्यांच्या मध्ये, न कापलेला.

स्वप्नालीनं तो तयार शब्द परत गिळला, आणि पाठ फिरवून ती गल्लीतून चालू लागली.